त्या चौकटीतला चौथा उपाय

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या पुरवणीत एक छोटी चौकट आली होती. संगणकाला जोडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नसेल तर काय करावं, याचे पाच उपाय तिच्यात दिले होते. पहिला, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. दुसरा, पोर्ट बदला. तिसरा, चेकडिस्क हे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन चालवा. चौथा, डिस्क फॉर्मॅट करा. पाचवा, एवढं करूनही जमलं नाही तर नवी घ्या. माझ्या थोरल्या भावाने ती चौकट कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. त्याची डिस्क दिसेनाशी झाली तेव्हा दादाने ती वाचत वाचत एकेक उपाय क्रमाने केला. चौथ्या उपायानंतर डिस्क दिसायला लागली. रिकामी.

त्या डिस्कवर आमच्या वडिलांचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात सहा महिने आप्पा दादाच्या मोबाइलसमोर बसून बोलत होते. लहानपण, शाळा, आईशी झालेली पहिली भेट, नोकरीतले दिवस, आणि मधेच आठवेल ते. एकूण 41 ध्वनिमुद्रणं. दादाने प्रत्येकाला तारीख आणि विषय लिहून नाव दिलं होतं. मोबाइल भरला म्हणून ती डिस्कवर टाकली आणि मोबाइलमधून काढली. दुसरीकडे प्रत नव्हती.

पत्र लांबलं आहे याची मला कल्पना आहे. काटछाट करावी लागली तर आमच्या घरची हकिगत कापा, पण तपासणीचा क्रम तेवढा पूर्ण छापा, ही विनंती आधीच करून ठेवते.

मी गेली 22 वर्षं अक्षरजुळणीचं काम करते. पुस्तकांची हस्तलिखितं, प्रबंध, स्मरणिका. लोक आपला मजकूर आणि फोटो पूर्वी सीडीवर आणायचे, मग पेनड्राइव्हवर, आता बऱ्याचदा आख्खी हार्ड डिस्कच घेऊन येतात. ‘ताई, ही लागतच नाहीये’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. मी इंजिनिअर नाही. पण माझ्या टेबलावर आलेल्या न दिसणाऱ्या डिस्कांपैकी बहुतेकींवरचा मजकूर जसाच्या तसा होता. बिघाड कुठेतरी वाटेत होता: केबलमध्ये, पोर्टमध्ये, नाहीतर विंडोज प्रत्येक डिस्कला डी, ई असं जे अक्षर देतं ते या डिस्कला दिलेलंच नव्हतं.

दादाने मला फोन केला तो सगळं झाल्यावर. ‘अगं, डिस्क सुरू झाली, पण आप्पांचं फोल्डर कुठे गेलं?’ मी विचारलं, ‘फॉर्मॅट केलीस का?’ तो म्हणाला, ‘त्यात लिहिलंच होतं तसं.’

अशा वेळी विंडोज जी खिडकी दाखवतं तिचा अर्थ नीट सांगायला हवा. डिस्क वापरण्याआधी ती फॉर्मॅट करावी लागेल, करायची का, असं तिच्यात विचारलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, संगणकाने बिघाड ओळखला आणि तोच उपाय सांगतोय. प्रत्यक्षात त्याला इतकंच म्हणायचं असतं की या डिस्कवरची मांडणी मला वाचता येत नाही. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद डिस्कवर एका ठरावीक जागी असते. लिहिणं चालू असताना केबल निसटली, वीज गेली, नेमक्या त्याच जागेवर खराबी आली, की ती नोंद विस्कटते. फाइली मात्र आपापल्या जागी असतात. फॉर्मॅट म्हणजे त्या विस्कटलेल्या नोंदीच्या जागी कोरी नोंद बसवणं. पुढे आणखी एक इशारा येतो, सगळा मजकूर पुसला जाईल असा. दादाने तोही वाचला होता. पण वर्तमानपत्रात छापून आलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असेल, असं त्याला वाटलं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला फार लागलं, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे जाऊन आधी केबल हातात घेतली. या डिस्कांच्या केबलचं डिस्ककडचं टोक चपटं आणि लांबट असतं: एका बाजूला रुंद भाग, मधे बारीक खाच, मग अरुंद भाग. यूएसबी 3.0 आलं तेव्हा जुन्या चार तारांच्या जोडीला आणखी पाच तारा आल्या, त्या या अरुंद भागात असतात. टोक वरून नीट बसल्यासारखं दिसतं, पण आतून ढिलं असू शकतं. दादाची केबल त्याच्या डिस्कला मी पुन्हा लावलीच नाही. माझ्या एका रिकाम्या डिस्कला लावून पाहिली. टोक बोटाने किंचित वर उचललं की डिस्कवरचा दिवा लागायचा, सोडलं की विझायचा. त्याबरोबर संगणक डिस्क जोडल्याचा सूर वाजवायचा आणि लगेच काढल्याचा. चढता, उतरता, पुन्हा चढता. दादा शेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘हा आवाज तर महिनाभर येत होता.’

नव्या केबलने त्याची डिस्क एकदाही तुटली नाही. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टच्या नोंदी मी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या साधनात पाहिल्या. एकही खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारा डिस्कचा तुकडा, नव्हता. म्हणजे डिस्क ठणठणीत होती. आजारी होती ती हातभर लांबीची तार.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात स्क्रीनवर करायचीच नाही. आधी डिस्क हातात घ्या आणि कानाला लावा. दिवा लागतो का? आत काही फिरतंय का? संथ, एकसारखी घरघर असेल तर चांगलं लक्षण आहे. मग केबल बदला, दुसऱ्या डिस्कवर चालते हे ठाऊक असलेलीच घ्या. मोबाइल चार्ज करायच्या काही केबलींमध्ये मजकूर नेणाऱ्या तारा नसतातच. तशी केबल लावली तर दिवा लागेल आणि संगणकाला काहीच दिसणार नाही. त्यानंतर पोर्ट. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, मागचे थेट मदरबोर्डवर असतात. डिस्क नेहमी मागे लावून पाहावी. मधे हब किंवा एक्स्टेन्शन असेल तर काढून टाका. जुना यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क थांबलेल्या तबकड्या फिरवायला सुरुवात करते त्या क्षणी तिला सर्वांत जास्त वीज लागते. ती पुरली नाही की डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. कधी कधी बारीक बीप ऐकू येतो. लोक डिस्क गेली म्हणून रडकुंडीला येतात आणि ती मागच्या पोर्टवर लगेच चालू होते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतःचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो; तिथे आधी तो तपासा.

मग दुसरा संगणक. हे सर्वांत सोपं, आणि याचाच सर्वांना विसर पडतो. तिथे दिसली तर बिघाड पहिल्या संगणकात आहे, डिस्कला हात लावायचं कारणच नाही. पहिल्या संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते यूएसबीचं यंत्र अनइन्स्टॉल करावं, डिस्क काढून पुन्हा लावावी, विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवतं. याने डिस्कवरचं काहीही पुसलं जात नाही. डिस्क मधेच झोपी जात असेल तर तिथेच यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी असते, ती खूण काढून टाकावी.

एवढं झाल्यावर डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डिस्का दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडायचं. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबलं की यादी येते, तीत ते असतं. इथे फक्त बघायचं आहे, काही करायचं नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. खालच्या भागात डिस्क तिच्या आकारासह दिसत असेल तर अर्धी काळजी मिटली. पट्टी निळी आहे, हेल्दी लिहिलंय, पण अक्षर नाही? मग राइट क्लिक करून तिला एखादं मोकळं अक्षर द्यायचं, एवढंच. एका प्राध्यापकबाईंची डिस्क त्यांच्या कार्यालयात कधीच दिसायची नाही, घरी मात्र दिसायची. कार्यालयातल्या संगणकावर नेटवर्कच्या सामायिक फोल्डरने तेच अक्षर अडवून ठेवलं होतं. मी डिस्कला झेड दिलं आणि त्यांचा सात वर्षांचा प्रबंध समोर आला. त्या खुर्चीत बसून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ‘ऑफलाइन’ असेल तर तिथेच राइट क्लिक करून ऑनलाइन करता येते.

‘रॉ’ (मांडणी वाचता येत नाही) किंवा ‘अनअलोकेटेड’ (डिस्कवर भागच सापडत नाही) दिसलं तर हात मागे घ्यायचा. डिस्क इनिशियलाइझ करू का, असं विचारणारी खिडकी आली तरी कॅन्सल. ज्या डिस्कवर कालपर्यंत मजकूर होता तिला आज इनिशियलाइझ करायचं कारण नसतं; ते कोऱ्या डिस्कसाठी आहे. आणि डिस्क मॅकवर तयार केलेली असेल, एचएफएस प्लस किंवा एपीएफएस पद्धतीने, तर विंडोजला ती आपणहून वाचताच येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये भाग दिसतो, हेल्दीही म्हणतं, पण उघडायची सोय नसते, पुसायची असते. माझा भाचा अशीच डिस्क घेऊन आला होता आणि खराब समजून पुसायच्या बेतात होता. मॅकला लावली, सगळं होतं. मॅकवरच डिस्क दिसत नसेल तर फाइंडरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या डिस्कांपुढची खूण पाहावी आणि डिस्क युटिलिटीमध्ये माउंट करून पाहावं.

आता चौकटीतला तिसरा उपाय. चेकडिस्क वाईट नाही, पण दुरुस्तीच्या आज्ञेसह चालवलं की ते डिस्कवर लिहितं. विस्कटलेल्या नोंदी त्याला जशा जुळवता येतील तशा ते जुळवतं; ज्या जुळत नाहीत त्यांचे तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांनी टाकून देतं. मांडणी सुरळीत होते आणि आपली फाइल मात्र तुकड्यांत सापडते. डिस्क खरोखर खराब होत चालली असेल, तर प्रत्येक सेक्टर वाचायला लावणारी तपासणी म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावणं. आधी प्रत काढावी, दुरुस्ती नंतर, आणि तीही शक्यतो प्रतीवर. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन यासाठीच आहे. सहज वाचता येणारे भाग ते आधी उचलतं, अडणारे शेवटी घेतं, आणि कुठवर आलो ते लिहून ठेवतं, म्हणजे मधे थांबलं तरी तिथून पुढे चालू करता येतं.

आणि ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज येत असेल तर वरचं काहीही करू नका. वीज काढा. आतल्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा त्याहून जास्त फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून सरकत असतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. डिस्क पडली, ते टोक घासायला लागलं, की पुन्हा चालू करण्याचा प्रत्येक प्रयत्न मजकूर खरवडत जातो. असली डिस्क उघडायची असते ती धूळमुक्त खोलीत, घरी स्क्रू काढून नव्हे. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही लोक देतात. बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं.

एक्स्टर्नल डिस्क म्हणजे एका डबीत बसवलेली डिस्क आणि तिला यूएसबीशी जोडणारं छोटं कार्ड. ते कार्ड मेलेलं आणि आतली डिस्क चांगली, असंही होतं. अशी एक डिस्क जाणत्या माणसाकडून काढून दुसऱ्या डबीत घातली आणि सगळे फोटो मिळाले. पण काही प्रकारांत ते कार्डच मजकूर कुलूपबंद करून लिहितं, मग दुसऱ्या डबीत नुसता गोंधळ दिसतो. काहींत यूएसबीचं खोबणं थेट डिस्कच्याच पट्टीवर असतं, तिथे काढण्यासारखं काही नसतं. काढण्याआधी विचारून घ्यावं.

दादाच्या डिस्ककडे परत येते. फॉर्मॅट झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही, हेही आपल्या वाचकांना कळायला हवं. विंडोजमधलं क्विक फॉर्मॅट फक्त नवी नोंद बसवतं, जुन्या फाइली त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहतात. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमधलं पूर्ण फॉर्मॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं; त्यानंतर काही उरत नाही. फिरत्या तबकड्यांऐवजी एसएसडी, म्हणजे चिपांवर मजकूर ठेवणारी डिस्क, असेल तर क्विक फॉर्मॅटनेही मजकूर कायमचा जाण्याची शक्यता मोठी. दादाने क्विक केलं होतं, डिस्क तबकड्यांची होती, इतकं दैव बरं होतं. पण नंतर डिस्क खरंच चालते का हे पाहायला त्याने तिच्यावर भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ उतरवला. 12 जीबी. त्या 12 जीबीखाली काय गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मी आधी डिस्कची संपूर्ण प्रत काढली, मूळ डिस्क कपाटात ठेवली आणि प्रतीवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं साधन चालवलं. हेही मोफत आहे. ते नोंदीकडे बघतच नाही. फाइल कशी सुरू होते याच्या खुणा शोधत डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळतं. त्यामुळे फाइली मिळतात, नावं मिळत नाहीत. एफ हे अक्षर आणि पुढे आकडे, अशा हजारो फाइलींचा ढीग माझ्यासमोर आला. त्यात गाणी होती, दादाच्या कार्यालयाच्या सभा होत्या, कुणाकुणाचे निरोप होते. आप्पा कुठे आहेत हे ऐकूनच शोधायचं होतं. तीन आठवडे रोज रात्री मी आणि दादा एकेक उघडत बसलो. आप्पा बोलायला सुरुवात करण्याआधी घसा खाकरायचे आणि विचारायचे, ‘लागलं का रे?’ नंतर नंतर तेवढ्यावरून आम्ही फाइल ओळखायला लागलो. ‘लागलं का रे’ ऐकलं की दादा कागदावर एक रेघ मारायचा.

33 रेघा झाल्या. त्यांतल्या पाच ध्वनिमुद्रणांत मधेच आवाज तुटतो, फाइलचे तुकडे डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले होते म्हणून. आठ मिळालीच नाहीत. दादाच्या आठवणीप्रमाणे आईच्या पहिल्या भेटीचं त्या आठांत आहे. आता प्रत्येकाच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक माझ्याकडे, म्हणजे वेगळ्या घरात.

आपल्या चौकटीमागे वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. जागा कमी, उपाय पाच, कुणीतरी घाईत लिहिलं असेल. पण वाचक छापील शब्दावर विश्वास ठेवतो, माझ्या भावासारखा अक्षरशः ठेवतो. म्हणून विनंती आहे की ती चौकट त्याच पानावर, त्याच आकारात पुन्हा छापावी. पहिल्या ओळीत केबल आणि दुसरा संगणक, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये फक्त पाहणं, मग प्रत. टक टक आवाज आला तर वीज काढा, हे वेगळ्या ओळीत. आणि फॉर्मॅटची खिडकी आली तर ‘कॅन्सल’ दाबा, हे ठळक अक्षरांत, कारण आजही कुणीतरी जुनी चौकट काचेखाली ठेवून बसलं असेल. मजकूर लिहून हवा असेल तर मी लिहून देईन, जुळवूनही देईन.

कळावे,

आपली नम्र,
एक नियमित वाचक